संध्याकाळचा सिकाडा

जळगावात मे महिन्यात स्टाफरूमचा पंखा बंद करणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर त्याला कोणाशी तरी भांडण उकरून काढायचं असतं. तायडे मॅडमना यातलं काहीच लागू नव्हतं. त्यांना फक्त ऐकायचं असायचं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन आम्ही घामाघूम बसलेलो असायचो आणि त्या उठून शांतपणे पंख्याचं बटण बंद करायच्या. पाती फिरायची थांबली की कानाला हेडफोन लावून डोळे मिटायच्या. कोणी कुरकुर केली, तर डावा हात वर. तळवा आमच्याकडे, बोटं जुळलेली, चौकातल्या पोलिसासारखा.

हा हात आमच्या कॉलेजात प्रसिद्ध होता. एकदा विद्यापीठाचे पाहुणे शिक्षणाच्या भवितव्यावर बोलत असताना खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर काही तरी वाजलं आणि हात वर गेला. पाहुणे बिचारे गोंधळून थांबले. मॅडमनी ऐकून घेतलं, हात खाली केला आणि म्हणाल्या, "हं, बोला सर." त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, म्हणून तर प्राचार्यांना रागावताही येईना.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी इतिहास. त्यांच्या विभागाचं छत दुरुस्तीला काढलं तेव्हा त्यांचं टेबल तात्पुरतं माझ्या शेजारी आलं आणि तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे जशा कायम होतात तसं कायम झालं. त्यामुळे सिकाडा या उन्हाळ्यात झाडांवर कर्र वाजणाऱ्या किड्याबद्दल मला इतकं माहीत आहे, की इतिहासाच्या माणसाला ते शोभत नाही. मी मागितलं नव्हतं. त्या डबा खाताना सांगायच्या. कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून हवेतच धरायच्या आणि आधी वाक्य पुरं करायच्या.

त्याला रातकिडा म्हणायचं नाही, ही पहिली अट. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पातळ पडदे असतात आणि ते तो आतल्या स्नायूंनी ओढतो, सोडतो. पत्र्याच्या डबीचं झाकण अंगठ्याने टकटक दाबावं तसं, पण इतक्या भराभर की आपल्याला एकच लांबलचक कर्र ऐकू येतं. पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत पडून असतात. उन्हाळा संपत आला की वर येतात, खोडावर कात टाकतात, काही आठवडे गातात आणि मरतात. गातो फक्त नर. "मग मादी काय करते?" असं वर्गात कोणी ना कोणी विचारायचंच. मॅडम म्हणायच्या, "ती ऐकते. काही जातींत पटलं तर एकदाच पंख वाजवते. तेवढं पुरतं." मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्याही हसायच्या, पण पुढच्या मुद्द्यावर गेल्यानंतर.

मूळच्या त्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या. वडील लोको शेडमध्ये. सगळं बालपण शंटिंगच्या खडखडाटात आणि शिट्ट्यांत गेलेलं. "आमच्याकडे आवाज थांबला की आई दचकून उठायची, काय झालं म्हणून," असं त्या सांगायच्या. अशा घरातून इतका तिखट कान घेऊन कोणी कसं निघालं हे मला कळत नसे. त्यांचं म्हणणं उलटं होतं. चोवीस तासांच्या गोंगाटातून वडिलांच्या चपलांचा आवाज वेगळा काढायची सवय त्यांना लहानपणीच लागली होती.

त्यांच्या संशोधनाचा विषय सांगायला सोपा होता. असोद्याजवळ एका शेताच्या बांधावरच्या पळसांवर एक सिकाडा होता, तो सकाळी गायचा. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, सुपडू आबांच्या केळीच्या बागेच्या बांधावर पळसच होते आणि त्यांच्यावरही सिकाडा होता. तो संध्याकाळी गायचा. हातात घेतले तर दोघांत फरक सापडत नव्हता. तोच शेवाळी रंग, पंखांच्या तशाच शिरा. पुस्तकांप्रमाणे दोघे एकच. मॅडमचं म्हणणं, हे दोन आहेत, आणि संध्याकाळचा अजून जगात कोणी नोंदवलेला नाही.

"एवढ्याशा गोष्टीवरून दोन?" मी एकदा विचारलं होतं.

"एवढीशी कशी सर? आमच्या शेजारी एक काका होते. ते कायम दिवसपाळीला, माझे वडील कायम रातपाळीला. भिंतीला भिंत लागून, पण आयुष्यभरात दोघांचं नीट बोलणं झालं नाही. एक घरी यायचा तेव्हा दुसरा निघालेला. किड्यांचं असं झालं की सकाळचा नर संध्याकाळच्या मादीला कधी भेटतच नाही. हजारो पिढ्या असं चाललं की मग भेटले तरी उपयोग नसतो. जात वेगळी झालेली असते."

उत्क्रांतीचा सिद्धांत मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला असं म्हणायला हरकत नाही.

दर उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने निघायच्या, आलटून पालटून एकदा असोदा, एकदा यावल. काळी छत्री, पाण्याची बाटली, रेकॉर्डिंगचं यंत्र आणि त्याचा तो केसाळ माइक. असोद्याला मुलं "मॅडम, मांजर आणलं का" म्हणून मागे लागायची. सुपडू आबांनी मात्र त्यांना पहिल्याच वर्षी बांधावर एक खाट टाकून दिली होती. आबा मोठे बागायतदार, बोलायला हौशी. पाहुण्यांना ते सांगायचे, "आमच्या वावरात कॉलेजच्या ताई येतात. किळ्याचं गानं ऐकतात. पगार भेटतो त्याचा." शेवटचं वाक्य ते फार आदराने म्हणायचे.

अशी बरीच वर्षं गेल्यावर मॅडमचा निबंध तयार झाला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाने तो स्वीकारला. कॉलेजात एकदम हवा बदलली. नवी जात म्हणजे कॉलेजचं नाव, मॅडमना प्रोफेसरपद, विभागाला संशोधन केंद्र. मान्यतेच्या फायली हलायला लागल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. कागदांवर साक्षीदाराची सही करायला कोणी तरी हवं होतं म्हणून मीही सोबत गेलो होतो. अध्यक्षांची इच्छा अशी की किड्याला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं, दादासाहेबांचं नाव द्यावं. बदल्यात आवाजबंद खोलीची प्रयोगशाळा.

मॅडमनी नेहमीप्रमाणे पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देता येईल सर. फक्त नावाखाली वर्णन छापावं लागतं. जमिनीत राहून दुसऱ्याच्या मुळांचा रस पितो, वर येऊन नुसता ओरडतो, पोट पोकळ असतं. ते मला बदलता येणार नाही."

अध्यक्षांनी चहा मागवला. खोली मिळाली नाही, पण सत्काराचा फ्लेक्स मात्र छापायला गेला, कारण त्यावर अध्यक्षांचाही फोटो होता.

निबंध छापून यायच्या आधीचा तो मे महिना. मॅडम शेवटचं एक रेकॉर्डिंग घ्यायला यावलला गेल्या. पुढे काय घडलं ते मला सुपडू आबांनी नंतर सांगितलं, कारण मॅडम त्याबद्दल फार बोलत नसत.

आबा त्या दिवशी खुशीत होते. आजवर त्यांच्या भागात शेतीची लाइट संध्याकाळी यायची आणि रात्रभर पाण्याची पाळी सांभाळावी लागायची. आता सोलरवरची लाइट सुरू झाली होती आणि ती दिवसा येत होती. "ताई, आता रातचं उठाचं काम नाही. साप-विंचवाचा घोर गेला," असं म्हणत त्यांनी मॅडमच्या हातावर पेढा ठेवला. रेकॉर्डिंग संध्याकाळचं होतं, पण मॅडम त्या दिवशी सकाळीच येऊन खाटेवर बसल्या होत्या. उन्हं वर आली तशी लाइट आली. आबांचा स्टार्टर ऑटोवर असायचा, त्यामुळे विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. तिची घूं सुरू झाली आणि थोड्या वेळाने वरच्या पळसावर सिकाडा गायला लागला.

संध्याकाळचा सिकाडा. सकाळी.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आबा, मोटार बंद करा."

"काबरं व ताई?"

"करा तर."

आबांनी केली. पळसावरचा आवाज विरत विरत थांबला. मॅडमनी बराच वेळ जाऊ दिला. "आता चालू करा." मोटार सुरू, मागोमाग किडे सुरू. "बंद करा." असं काही वेळा झाल्यावर आबा हात जोडून म्हणाले, "ताई, मोटार जयीन ना माही."

असोद्याच्या त्या शेतात लाइट पहिल्यापासून सकाळची होती. यावलला संध्याकाळची. किड्यांच्या दोन वेळा नव्हत्या, विजेच्या दोन पाळ्या होत्या. मोटारीच्या घुमण्याला ते दुसऱ्या नराचा आवाज समजून साथ देत असावेत. आणि हे मॅडमसारख्या बाईच्या लक्षात का आलं नाही, तर आमच्या भागात मोटारीचा आवाज हा आवाज धरलाच जात नाही. तो असतो म्हणजे सगळं ठीक चाललेलं असतं. पंख्याची घरघर सहन न होणाऱ्या मॅडमनी प्रत्येक रेकॉर्डिंगमधली ती घूं कॉम्प्युटरवर बसून काळजीपूर्वक पुसून काढली होती, किड्याचं गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून.

सोमवारी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि पंखा चालूच राहिला. त्या त्याच्याखाली नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं ताप आहे. दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र धाडून निबंध मागे घेतला, मग अध्यक्षांकडे जाऊन सांगितलं, "सर, किडा मागे घेतला." अध्यक्षांना आधी कळेना. कळल्यावर ते म्हणाले, "छापून तर येऊ द्या, मग बघू. कोणाला कळतंय?" मॅडम म्हणाल्या, "मला." प्रोफेसरपदाची फाइल जिथे होती तिथेच थांबली. फ्लेक्स पावसाळ्यात सायकल स्टँडवर ताडपत्री म्हणून लागला. मागची बाजू वर होती, पण वारा आला की मॅडमचा अर्धा चेहरा दिसायचा. हे मला मनापासून लागलं. त्यांना लागलं असेल, तर त्यांनी ते दाखवलं नाही. त्या तिथेच आपली स्कूटर लावत राहिल्या.

धुळ्याला त्यानंतर एक परिषद होती. मॅडमनी तिथे नव्या जातीवर बोलायचं आधीच कबूल केलेलं होतं. माझी सासुरवाडी धुळ्याची, म्हणून मीही कॉलेजच्या प्रवासभत्त्यावर गेलो. त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आपली चूक कशी झाली एवढंच त्यांनी सांगितलं, चित्रं दाखवून, वेळेत. माझ्या बाजूचे दोन प्राध्यापक एकमेकांकडे बघून हसले. शेवटी साक्रीकडचे एक निवृत्त सर उठले. "ते बठ्ठं ठीक शे मॅडम," ते अहिराणीत म्हणाले. "पन किडा एक शे का दोन शेतस?"

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. प्रश्न बरोबर होता.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मोटारीने वेळ बिघडवली, म्हणून त्याला स्वतःची वेळ नाही असं होत नाही. मोटार नसताना तो केव्हा गातो ते ऐकायला हवं. वर जंगलात तो मिळत नाही, तिथे दुसरा, मोठा आहे. हा फक्त बांधांवर आहे, आणि बांध आले की विहिरी आल्या. दिवसभर मोटारीबरोबर गायला की संध्याकाळी तो गप्प असतो, म्हणून त्या पट्ट्यातल्या सगळ्या मोटारी काही दिवस बंद राहिल्या, तर सांगता येईल. आणि उन्हाळ्यात केळीवाल्याला ते मी मागणार नाही."

यानंतरही त्या यावलला जात राहिल्या. मोटारी चालायच्या, किडे त्यांच्याबरोबर गायचे, त्या ऐकायच्या. "आता काय ऐकता?" असं मी विचारलं, तर म्हणायच्या, "मधेच लाइट जाते ना कधी. तेव्हा." पण आबांची लाइट गेली की शेजारच्याचं डिझेल इंजिन सुरू व्हायचं. या काळात स्टाफरूममधला पंखाही पुन्हा बंद व्हायला लागला होता आणि मला त्याचं बरं वाटत होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या निवृत्तीचा जून उजाडला. पहिल्या आठवड्यात यावल-रावेर भागात वादळ झालं. पाऊस नावाला, पण वाऱ्याने केळीच्या बागाच्या बागा झोपवल्या. विजेचे खांब पडले, तारा तुटल्या. पूर्ण पट्ट्यात लाइट नव्हती आणि घड धरलेल्या बागाच पडल्यावर डिझेल जाळून पाणी तरी कशाला द्यायचं. पेपरात फोटो आले. मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"रस्त्यात झाडं पडलीत म्हणून एसटी जात नाहीये. तुमची गाडी आहे ना सर?" आणि मग, "आबांचा फोन लागत नाही."

गाडीत त्यांनी यंत्राची पिशवी मांडीवर घेतली होती. त्या आबांसाठी चालल्या होत्या की सिकाडासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनाही वेगळं करून सांगता आलं नसतं.

बाग एका दिशेने आडवी झाली होती, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत. हिरवे घड मातीत. आबा बांधावरच्या त्याच खाटेवर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले, मॅडमनी हातानेच बसा म्हटलं आणि शेजारी बसल्या. घरातून सून चहा घेऊन आली. आबा रडत वगैरे नव्हते. ते एकेक ओळ दाखवून सांगत होते.

"हे पाह्य ना ताई, इथली केयी तर कापनीवर आलेल व्हती. व्यापारी पाहून गेलता. ती तिकळची बाग पोराने लावली व्हती. पहिल्यांदाच त्याने एकट्याने..."

सूर्य सातपुड्याच्या मागे उतरत होता. मी इतकी शांतता केळीच्या भागात कधी ऐकली नव्हती. लांबवर कुठेही घूं नाही. आणि आबांचं वाक्य चालू असतानाच वरच्या पळसावर सिकाडा गायला लागला. आधी एक, मग दुसरा, मग बांधावरचे सगळे पळस.

मोटारीशिवाय. संध्याकाळी. मलासुद्धा कळलं की हेच ते.

मॅडमचा डावा हात उचलला गेला. सवयीने. खांद्यापर्यंत पोचायच्या जरा आधी तो थांबला, तळवा अजून पुरता वळलेला नव्हता. आबा बोलत होते. पोराने टिश्यू कल्चरची रोपं कुठून आणली, ठिबकच्या नळ्या स्वतः कशा अंथरल्या, रात्री जागून राखण कशी केली. तो हात हळूच खाली आला आणि गुडघ्यावर टेकला. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. पिशवी पायाशी होती, चेन लावलेली.

"मग पुढे?" मॅडम म्हणाल्या.

आबा पुढे सांगत राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांचं सांगून झालं. तोवर झाडंही गप्प झाली होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आबांसाठी वाटलं आणि मॅडमसाठीही, आणि कोणासाठी जास्त हे अजून ठरवता येत नाही.

परतताना यावलच्या अलीकडे वीज कंपनीची माणसं दिव्यांच्या उजेडात खांब उभे करत होती. क्रेन लागली होती. सकाळपर्यंत लाइट येईल, असं त्यांतला एक जण काचेशी येऊन आनंदाने सांगून गेला.

"किती वाजता सुरू झाला तो?" मॅडमनी विचारलं.

"लक्षात नाही मॅडम. आबा बोलत होते ना."

"हो," त्या म्हणाल्या. "आबा बोलत होते."

त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून खाली पायाशी ठेवली. मग हात पुढे करून गाडीचा एसी बंद केला आणि काच पूर्ण खाली घेतली. बाहेरून गरम वारा आत आला. मला काही तरी विचारायचं होतं, एक का दोन असंच काही तरी. पण त्यांनी डोळे मिटले होते, आणि हात वर व्हायच्या आधीच मी गप्प बसलो.